सोळाव्या स्थळाचा फरक

१

माझं काम सांगायला घेतलं की लोक दोन मिनिटांत विषय बदलतात, म्हणून थोडक्यात उरकतो. एकाला तिनाने भागलं की आपण शून्य पूर्णांक तीन तीन तीन असं लिहीत जातो आणि कंटाळून थांबतो. संगणकही थांबतो, फक्त सोळा-सतरा अंकांनंतर, आणि थांबताना शेवटचा अंक वर किंवा खाली ढकलून मोकळा होतो. तो कसा ढकलायचा याबद्दल प्रत्येक जातीच्या संगणकाची आपली एक खोड असते. आमची एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. ती एकोणीस जातींच्या संगणकांवर चालते. त्या एकोणिसांनी एका गणिताचं एकच उत्तर द्यावं, हे बघण्याचा पगार मला मिळतो. बावीस वर्षं झाली.

दिवस ठरलेला आहे. सकाळी नऊला मी माझ्या टेबलावरच्या संगणकावर सगळ्या गणितांची नमुना उत्तरं ताजी काढतो. ही पद्धत मीच घातली. जुनी उत्तरं पडून राहिली की त्यांत कोण कधी लुडबूड करेल याचा नेम नाही. दुपारी चारला एकोणीसही संगणक तीच गणितं सोडवतात आणि साडेचारला माझ्यापुढे अहवाल येतो. अहवालात उत्तरं नसतात, फक्त फरक असतो. शून्य म्हणजे जुळलं. एक म्हणजे शेवटच्या अंकात एकाने चुकलं. आकड्यांच्या रांगा वाचत बसायला वेळ आहे कुणाला?

त्यातले जुने संगणक मागच्या बाजूला, बिनखिडकीच्या खोलीत ठेवलेत. त्या खोलीला आम्ही वृद्धाश्रम म्हणतो. सगळ्यांत जुना आहे त्याचं नाव आजोबा. पिवळट पडलेला पत्र्याचा खोका, आत एक पंखा, आणि दर थोड्या वेळाने पंख्याच्या आवाजात एक बारीक टक्. आजोबा आता जगात कुणी वापरत असेल असं मला वाटत नाही, पण यादीत आहेत म्हणून सांभाळायचे.

त्या सोमवारी आजोबांसमोर फरक आला: एक. कोसाईनचं एक जुनं गणित आहे, फार मोठ्या आकड्याचं, खास खोडी काढायलाच ठेवलेलं. त्यात. मी मान हलवली आणि घरी गेलो. मंगळवारी फरक दोन आला. बुधवारी तीन.

चूक करायला माझी ना नाही. माणसं करतात, संगणकही करतात. पण संगणकाने चूक केली तर रोज तीच करावी, एवढी किमान शिस्त त्याच्याकडे असतेच. रोज एकेक पायरी सरकणारी चूक मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती.

२

घरी मी आणि ताई. आई-बाबा गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी आठ. पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडून तिने मला शिकवलं, वाढवलं, आणि पुढे माझं लग्न जमेना तेव्हा नातेवाइकांना परस्पर वाटेला लावलं. आता ती बासष्टची आहे. शिवणकाम कमी केलंय, पण माझे शर्ट बाहेरून आणायची सोय नाही. तयार शर्ट घातला तर ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

गुरुवारी संध्याकाळी तिने नवा शर्ट माझ्या अंगावर चढवला.

"हात खाली सोड. सरळ. सैनिक नाहीयेस, सैल सोड."

मी सोडला. तिने बाहीला टेप लावला, बघितलं, पुन्हा लावला. मग टेबलावरून मापांची वही घेतली, माझं पान काढलं आणि चष्मा वर करून वाचलं.

"काय झालं?"

"बाही अर्ध्या सुताने आखूड पडतेय."

"कापड आटलं असेल."

"मी धुऊन शिवते, शहाण्या. तीस वर्षांत आटलंय कधी?"

"मग चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"तुझा की माझा?" ती म्हणाली आणि आम्ही दोघं हसलो. तिने बाही उसवायला घेतली. पण मी जेवून उठलो तेव्हाही ती वही उघडी ठेवून बसली होती, आणि बोटाने तोच एक आकडा चाचपत होती.

३

पुढचा आठवडा मी वृद्धाश्रमात काढला. आजोबांच्या पिढीचा एक रोग सगळ्यांना माहीत आहे. हे प्रोसेसर मनातल्या मनात जास्त अंक धरून ठेवतात आणि कागदावर उतरवताना कापतात. कधी कापायचं ते बिनसलं की उत्तर हलतं. मी प्रत्येक पायरीला सक्तीने कापायला लावलं. फरक सहा. आमची भाषा संगणकाच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम बदलून बघितला. फरक सात. गरम होत असेल म्हणून शेजारी टेबलफॅन लावला, मेमरी काढून दुसरी बसवली. फरक आठ. बाकीच्या अठरा संगणकांसमोर रोज शून्य, ओळीने, निमूट.

त्या खोलीत बसायला मला आवडेनासं झालं होतं. दार ओढलं की बाहेरचे आवाज बंद होत आणि पंखा तेवढा उरत असे. दोन टक्-मधलं अंतर मी नकळत मोजायला लागलो आणि प्रत्येक वेळी माझं मोजणं जरा लवकर संपायचं. दिव्याचं बटण मी बावीस वर्षं अंधारात न बघता दाबतोय. त्या आठवड्यात माझा हात दर वेळी भिंतीवर आपटला, बटण बोटभर बाजूला. खुर्ची पुढे ओढताना गुडघा टेबलाच्या कडेला लागायचा. माझ्या स्वतःच्या टेबलाशी, कॅन्टीनमध्ये, जिन्यात असं काही होत नव्हतं. मी याची नोंद घेतली, आणि उजेड कमी आहे असं त्याचं कारण लिहून टाकलं.

आमचे प्रकाशनप्रमुख वयाने लहान आहेत आणि कायम घोड्यावर बसलेले असतात. मागून त्यांना सगळे लगीनघाई म्हणतात. ते दारात येऊन उभे राहिले.

"सर, पंधरा दिवसांत नवी आवृत्ती बाहेर काढायचीय. आजोबांचं काय चाललंय?"

"सापडत नाहीये."

"मग सूट द्या ना थोडी. दहापर्यंतचा फरक चालेल म्हणून लिहून टाका. कोण बघतंय?"

मी बघतो, असं म्हणणार होतो. दुसऱ्या कुणी अशी सूट दिली असती तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. पण मी थकलो होतो, आणि घरी ताईचं वेगळंच चाललं होतं. मी दहाची सूट लिहिली. आजोबांपुढचा लाल ठिपका हिरवा झाला.

मनाची टोचणी म्हणून एक केलं. आमच्या कॉलेजच्या गणिताच्या बाई निवृत्त होऊन गावाबाहेर राहतात, फोन उचलत नाहीत, पत्राला मात्र उत्तर देतात. ते कोसाईनचं गणित मूळचं त्यांच्याच वर्गातलं. खरं उत्तर तेवढं कळवा, असं पत्र त्यांना टाकलं.

४

ताईचं वेगळं चाललं होतं ते असं. शुक्रवारी घराच्या कुलपात माझी किल्ली अडली. दोनदा काढून घातली तरी फिरेना. शेवटी बेल वाजवली. ताईने दार उघडलं आणि माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली.

"काय गं, ओळखलं नाहीस?" मी चेष्टेत म्हणालो.

ती हसली, पण हसायला तिला वेळ लागला. "ये," ती म्हणाली. "किल्ली विसरलास होय?"

जेवताना तिने विचारलं, "छोट्या, तुझ्या भुवईवरची खूण कुठल्या बाजूला होती रे?"

"डाव्या. झोपाळ्यावरून पडलो होतो ना. तूच तर उचलून दवाखान्यात नेलंस."

"हो, डाव्याच." ती भुवईकडे बघत राहिली. मग ताटाकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "मला काही होतंय का रे? खरं सांग. तू समोर बसलायस, तूच आहेस, हे मला कळतंय. पण नजर तुझ्यावरून घसरतेय."

मला भीती वाटली. आमची आत्या शेवटची चार वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. स्वतःच्या मुलालाही 'कोण हा मेला' म्हणून हाकलायची. ताईने मला विसरणं म्हणजे काय, याचा विचार मी कधी केला नव्हता, कारण तो करवत नाही. माझं लहानपण पाहिलेलं दुसरं माणूस आता नाही. तिच्या डोक्यातून मी गेलो तर तो आठ वर्षांचा पोरगा कुठेच उरणार नाही.

डॉक्टरांनी तिला तारीख, वार, पंतप्रधान, उलटे आकडे, सगळं विचारलं. तिने पटापट सांगितलं आणि वर डॉक्टरांच्या कोटाची शिवण खांद्यात ओढतेय हेही सांगितलं.

"यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी आहे," डॉक्टर म्हणाले. मग सहज माझ्याकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी मनात पाचपर्यंत मोजलं.

"माझा भाऊ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. बाहेर पडताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि, तुमची झोप वगैरे नीट आहे ना, असं विचारलं.

५

फरक अकरा झाला तेव्हा दहाची सूट पुरेनाशी झाली. लगीनघाई पुन्हा दारात.

"सर, एक तर वीसची सूट द्या, नाहीतर आजोबांना यादीतून काढा. अठरा संगणक एका बाजूला, हा एकटा एका बाजूला. चूक कुणाची हे काय सांगायला हवं?"

नव्हतं. मला लवकर घरी जायचं होतं. "काढा," मी म्हणालो. त्यांनी तयार ठेवलेल्या कागदावर मी सही केली. त्यानंतरही दोन दिवस, जित्याची खोड म्हणून, मी आजोबांना चारला गणितं घातली. बारा, तेरा. मग गुरुवारी भर दुपारी तीन वाजता स्वतः जाऊन बटण बंद केलं.

पंखा सावकाश थांबला. ती शेवटची टक् येऊन गेली आणि खोलीत काहीच उरलं नाही. तेव्हा बाहेरच्या बोळातून कुणीतरी चालत गेलं. वळणावर एकदा खाकरलं. मी वळणावर नेहमी खाकरतो, लोक माझी नक्कल करतात, तेव्हा असेल कुणीतरी वात्रट. मी दार उघडलं. बोळ मोकळा होता. माझ्या टेबलाच्या बाजूने खुर्ची कुरकुरल्याचा आवाज आला.

टेबलाशी कुणी नव्हतं. मी बसलो आणि गुडघे वर आले. खुर्ची कुणीतरी खाली केली होती, अगदी जराशी. मी ती पुन्हा वर घेतली.

साडेचारला अहवाल आला. अठरा संगणक, अठरा शून्यं. लगीनघाईंनी लांबून अंगठा दाखवला.

६

बाईंचं पत्र सोमवारी आलं. त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या वहीच्या एका पानाची प्रत, शाई फिकी झालेली, कोसाईनचं उत्तर वीस अंकांपर्यंत. खाली नव्याने एकच ओळ लिहिली होती: 'हे आम्ही तिघींनी वेगवेगळं बसून हाताने काढलं होतं आणि तिघींचं जुळलं होतं, तेव्हा तू आपलं तपास.'

मी पान माझ्या नमुना उत्तराशेजारी ठेवलं. पंधराव्या अंकापासून जुळेना.

बाई चुकल्या असतील. तिघी चुकल्या असतील. पण मग मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फरक बाजूला ठेवले आणि साठवलेली मूळ उत्तरं उघडली. आधी आजोबांची. तेरा दिवस, तेरा ओळी, पहिल्यापासून शेवटच्या अंकापर्यंत एकच उत्तर, बाईंच्या वहीतलं. आजोबा एका केसानेही हलले नव्हते.

मग माझी नमुना उत्तरं. सोमवारी एकाने वर. मंगळवारी दोनाने. रोज सकाळी नऊला, माझ्या टेबलावर, माझ्या हाताने ताजी काढलेली. दोन आकड्यांमधला फरक वाढतोय एवढंच मी बघत होतो. त्यातला कुठला सरकतोय, हे बघायचं मला सुचलंच नाही, कारण दुसरा माझा होता.

आणि ते बाकीचे अठरा? मी एकेकाची ओळ उघडली. तेही सरकले होते. रोज, माझ्याइतकेच, माझ्याबरोबर.

मी दोन्ही हात टेबलावर टेकले. मनगटाच्या अलीकडेच बाही संपत होती आणि हात दिसत होता. मग उठून वृद्धाश्रमात गेलो. दिव्याच्या बटणासाठी भिंत चाचपावी लागली नाही, पहिल्या झटक्यात लागलं. आजोबांच्या जागी धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

"शनिवारीच भंगारात गेला, सर," लगीनघाई म्हणाले. "तुम्हीच तर सही केलीत."

मी कागद मागून बघितला. सही माझीच होती.

७

पावणेपाचला घरी पोचलो. किल्ली कुलपात शिरलीच नाही. बेल वाजवली.

ताईने साखळी न काढता दार फटभर उघडलं. "कोण हवंय?"

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, शिवणारी माणसं बघतात तसं, आणि तिचा चेहरा निवळला.

"तुम्ही त्याच्या ऑफिसातले का? या ना. येईलच तो, पाचला येतो." तिने साखळी काढली. "चेहरा कुठेतरी बघितल्यासारखा वाटतोय."

"ताई," मी म्हणालो.

ती हसली. "ऑफिसातही सगळे मला ताईच म्हणतात वाटतं! बसा. पाणी आणते."

मी खुर्चीत बसलो. शिलाई मशीनवर निळं कापड होतं. तिने पाणी दिलं आणि समोर बसली, पाहुण्यासमोर बसतात तशी, पदर सारखा करून.

मी तिला झोपाळ्याचं सांगितलं. तिने अनवाणी धावत दवाखाना गाठला होता, वाटेत तिच्या पायात काच गेली होती आणि ते तिने दोन दिवस कुणाला कळू दिलं नव्हतं. पहिल्या पगाराचा मी तिच्यासाठी पंखा आणला तेव्हा ती रागावली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली, तेही सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली.

"एवढं सगळं सांगतो तो तुम्हाला? कमाल आहे. मोजून चार शब्द बोलणारा माणूस आहे हो तो." तिचे डोळे भरून आले. "म्हणजे तुम्ही त्याचे जिवाभावाचे दिसता. बरं वाटलं. माझ्यामागे कोण आहे त्याला, असं मला सारखं वाटतं."

"ताई, अगं, मी..."

"तुम्हाला म्हणून सांगते," तिने मला थांबवलं, आवाज खाली आणला. "मधे पंधरा दिवस मी फार घाबरले होते. तो समोर बसायचा आणि मला वाटायचं, हा तो नाही. आमच्या आत्याचं असंच झालं होतं. म्हटलं, झालं, लागला नंबर. रात्ररात्र झोप नाही. त्याला कळू दिलं नाही, तो बिचारा आधीच कामाने वाकलाय." तिने सुटकेचा श्वास सोडला. "गुरुवारपासून गेलं ते. गुरुवारी तो ऑफिसातून आला आणि मी दार उघडलं तर तोच. अख्खा. काही फरक नाही. देवाची कृपा म्हणायची, डोकं ठिकाणावर आहे माझं."

गुरुवारी संध्याकाळी मी घरी आलो होतो. ती दारात हसली होती, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. रात्री जेवायला तिने काय वाढलं ते मी आठवून बघितलं. शुक्रवार आठवून बघितला, शनिवार, रविवार. ऑफिसातली एकेक मिनिटं आठवत होती. घरातलं काही आठवत नव्हतं.

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिच्या उजव्या टाचेवर काचेची खूण आहे, हे मी सांगू शकलो असतो. तिची मापांची वही मागून टेप तिच्या हातात देऊ शकलो असतो. तिला पटेलही, एखादे वेळी. आणि मग उद्या सकाळी उठून ती पुन्हा ताटाकडे बघत विचारेल, मला काही होतंय का रे? तिचा चेहरा मी बघत होतो. असा शांत तो कितीतरी दिवसांत दिसला नव्हता.

मी पाणी संपवलं. "बरं आहे ना आता?" मी विचारलं.

"अगदी ठणठणीत!" ती म्हणाली.

जिन्यात पावलं वाजली. वळणावर कुणीतरी एकदा खाकरलं. ताई मान वळवून ऐकायला लागली आणि तिच्या ओठांवर हसू आलं. कुलपात किल्ली शिरली आणि लोण्यात जावी तशी फिरली. मी उठलो नाही. दार आत ढकललं गेलं, आणि दाराच्या कडेवर आधी एक हात दिसला, आणि मनगटावर चपखल बसलेली शर्टाची बाही.

ताई लगबगीने पुढे झाली.

"कुठे होतास रे छोट्या? हे केव्हाचे बसलेत तुझ्यासाठी."